पिठावरचा आकडा

जर्मनीतल्या कुठल्याही सुपरमार्केटात पिठाच्या फळीसमोर उभं राहिलं की आधी आकडे दिसतात: 405, 550, 1050. एकेक किलोच्या कागदी पिशव्या, सगळ्यांवर गव्हाचं पीठ असंच लिहिलेलं, आणि खाली आकडा. पुण्या-मुंबईहून नवा आलेला माणूस बहुधा सगळ्यांत स्वस्त पिशवी उचलतो. ती असते 405 ची. रात्री लाटी पसरायला जावं तर ती आक्रसून मागे येते, आणि तव्यावरून उतरते ती पोळी पांढरी, चिवट आणि गार होताच कडक. व्हिडिओ कॉलवर आई निदान करते, "अरे, हा मैदा आहे!"

आईचं बरोबर आहे, पण अर्धंच.

तो आकडा राखेचा आहे. शंभर ग्रॅम कोरडं पीठ भट्टीत पूर्ण जाळलं तर स्टार्च, प्रथिनं, स्निग्धांश सगळं जळून जातं आणि मागे उरतात खनिजं. ती साधारण किती मिलिग्रॅम उरली, तो पिशवीवरचा आकडा. दाण्यातली खनिजं बहुतेक कोंड्यात आणि अंकुरात असतात, आतल्या पांढऱ्या गरात फार थोडी. म्हणून आकडा जितका लहान तितका कोंडा कमी. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा, केकसाठी. 550 पांढऱ्या पावासाठी, 1050 करड्या पावासाठी. राईच्या पिठाचे आकडे वेगळे, 997, 1150 असे. पूर्ण दाण्याच्या पिठाला मात्र आकडा नसतो. त्यात दाणा अख्खा दळलेला, राख किती निघेल ते त्या वर्षीच्या गव्हावर. हे सगळं डीआयएन 10355 या मानकात लिहून ठेवलेलं आहे. पीठ जाळून त्याची प्रतवारी करणाऱ्या देशात आपण आलो आहोत, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढची बरीच खरेदी सोपी जाते.

मग बिनआकड्याचं, अख्ख्या दाण्याचं पीठ आणलं की झालं? तिथे दुसरी फसगत. रंग कणकेसारखा, कोंडाही भरपूर, तरी पोळी मऊ राहत नाही. फरक काहीसा गव्हात आहे आणि पुष्कळसा दळण्यात. युरोपातल्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात पोलादी रुळांची पद्धत रुजली. बुडापेस्टच्या गिरण्यांनी तिला नाव मिळवून दिलं. हे रूळ दाणा फोडून टप्प्याटप्प्याने गर सोडवतात. पीठ फारसं तापत नाही आणि स्टार्चचे कण बरेचसे धड राहतात. पाव करणाऱ्याला तेच हवं असतं, कारण फुटके कण जास्त झाले तर पावाचं पीठ चिकट होतं. आपल्या चक्कीत दोन दगडांमध्ये दाणा रगडला जातो, पीठ चांगलं गरम होऊन बाहेर पडतं आणि स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटका कण धड कणापेक्षा कितीतरी पट पाणी शोषतो. कणीक जास्त पाणी पिते, तव्यावर त्यातल्या काहीची वाफ होऊन पोळी फुगते, आणि तरी डब्यात मऊ राहण्याइतकं पाणी आत शिल्लक असतं. गिरणीवाल्याकडून आल्यावर डबा उघडा ठेवून पीठ निववणाऱ्या प्रत्येक घराने या स्टार्चला हात लावलेला आहे.

भारतीय दुकानांत चक्कीचा आटा पोत्याने मिळतो. दुकान जवळ नसेल तर 1050 आणि अख्ख्या दाण्याचं बारीक पीठ निम्मं निम्मं घ्यावं, चांगल्या गरम पाण्यात भिजवावं, तेलाचा हात लावून तासभर झाकून ठेवावं. गरम पाण्याने स्टार्च थोडा फुलतो आणि चक्कीने केलं असतं त्यातलं काही काम होतं. पोळी दुपारच्या डब्यापर्यंत तग धरते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

पिठावर इतका वेळ घालवला, कारण परदेशात आपल्या वस्तू मिळत नाहीत ही तक्रार आता जर्मनीत फारशी उरलेली नाही. गहू आहे, दूध आहे, तांदूळ आहे, मसूर तर ढिगाने आहे. आपल्या हाती येण्याआधी त्यांच्यावर काय काय झालंय, ते मात्र वेगळं आहे. फसगत होते ती तिथे.

दुधाचंच घ्या. फ्रिजबाहेर खोक्यांची भिंत रचलेली असते, ते हा-मिल्श: 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं, न उघडता महिनोन्‌महिने टिकणारं. चहाला ठीक. पनीर करायला घेतलं तर लिंबू पिळूनही घट्ट गोळा होत नाही, भुसभुशीत चोथा हाती येतो. एवढ्या उष्णतेत निवळीतली प्रथिनं केसीनला जाऊन चिकटलेली असतात, मग केसीनचे कण एकमेकांना नीट धरत नाहीत. पनीरसाठी फ्रिजमधलं ताजं दूध घ्यावं, साडेतीन किंवा 3.8 टक्के स्निग्धांशाचं. सायीची आशा मात्र त्यातही धरू नये. दुधातले स्निग्ध थेंब दाबाखाली फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसाला हे दुःख पहिल्याच आठवड्यात भेटतं.

दह्याच्या डब्यावर 'योगुर्ट मिल्ड' असं लिहिलेलं दिसलं तर कढीचा बेत आवरता घ्यावा. नेहमीच्या योगर्टला आंबटपणा देणाऱ्या बुल्गारिकस जिवाणूऐवजी त्यात दुसरा, सहसा अ‍ॅसिडोफिलस, घातलेला असतो. दही गोडसर राहतं आणि नुसतं खायला छान लागतं. पण त्याची कढी म्हणजे पिवळं गरम दूध. कढीला आणि मठ्ठ्याला त्याच फळीवरचं बुटरमिल्श घ्यावं, घट्ट आणि आंबट. कढीलिंब सोडला तर त्यात काही कमी पडत नाही.

लोण्याचे प्रकार तीन. गोड्या सायीचं, आंबवलेल्या सायीचं, आणि गोड्या सायीचं लोणी काढून त्यात नंतर आंबटपणा मिसळलेलं. आपल्याकडे साय विरजून मग घुसळतात, तेव्हा साजूक तुपासाठी दुसरं, म्हणजे 'साउअरराम-बुटर' घ्यायचं. जर्मन लोण्यात सुमारे 82 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे 250 ग्रॅमच्या विटेत साधारण 205 ग्रॅम. बेरी गाळून हाती येणारं तूप त्याहून थोडं कमी. 'बुटरश्माल्झ' नावाचं तयार तूपही प्रत्येक दुकानात असतं आणि तळणीला ते उत्तम. पण त्यातलं पाणी आणि दुधाचा अंश बेरी तांबूस होण्याआधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळे घर भरून टाकणारा कढवल्याचा वास त्याला नाही. वरणभातावर ते घालणं मला कधी जमलं नाही.

आणि मग क्वार्क. मराठी माणसाच्या दृष्टीने जर्मन दुग्धव्यवसायाने केलेली सर्वांत मोठी सेवा ही. दुधाला विरजण आणि जरासं रेनेट लावून, निवळी वेगळी करून केलेला हा पांढरा, मऊ, आंबूस पदार्थ म्हणजे चक्क्याचा सख्खा भाऊ. इथे तो पावावर लावतात, केकमध्ये घालतात, उकडलेल्या बटाट्याबरोबर जवसाचं तेल सोडून खातात. आपण त्याचं श्रीखंड करतो. जर्मनीतल्या मराठी घरांत पाडव्याच्या आदल्या रात्री नळाला फडक्यात टांगलेला क्वार्क नसेल तर नवल. डब्यावर मात्र पुन्हा आकडा असतो: 20 टक्के, 40 टक्के. 40 टक्के स्निग्धांश वाचून डाएटवाले दचकतात, पण तो हिशेब पाणी वगळून उरलेल्या घन भागाचा असतो. क्वार्कमध्ये पाणीच पुष्कळ, म्हणून 40 वाल्यात प्रत्यक्षात शंभर ग्रॅमला 11 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. श्रीखंडाला हाच घ्यावा. 20 टक्केवाल्याचं श्रीखंड गिळगिळीत होतं, आणि बिनस्निग्ध 'मागरक्वार्क'चं केलेलं तर पाहुण्यांना वाढू नये.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच दोन शब्द. पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका सक्तीचा नाही. पिवळं-हिरवं व्ही-लेबल कंपन्या स्वखुशीने लावतात. घटकांच्या यादीत 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठळक दाखवावे लागतात, पण जिलेटिन त्यांत नाही. काही योगर्टांत, बऱ्याच गोळ्या-चॉकलेटांत ते असतं आणि यादी शोधत वाचावी लागते. चीज घट्ट करायला वापरलेलं रेनेट तर यादीत लिहिण्याचंही बंधन नाही. ते वासराच्या जठरातलं की सूक्ष्मजीवांपासून केलेलं, हे कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे व्ही-लेबल.

हे सगळं विकत घ्यायचं कुठे? एडेका आणि रेव्हे ही भरगच्च दुकानं, दोन्ही मुळात दुकानदारांच्या सहकारी संघटनांतून उभी राहिलेली. पण महिन्याचा किराणा बहुतेक लोक आल्डी किंवा लिडलमधून भरतात, आणि आल्डीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एसेन शहराच्या शोनेबेक या खाणकामगारांच्या वस्तीत 1913 मध्ये एका बाईंनी छोटं दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते त्यांच्या मुलांनी, कार्ल आणि थेओ आल्ब्रेख्त यांनी हाती घेतलं. भांडवल नव्हतं म्हणून माल मोजका ठेवला. पुढे पैसे आले तरी माल मोजकाच ठेवला, कारण त्यातच नफा आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. एका वस्तूचा एकच प्रकार, सजावट शून्य, खोकी फोडून तशीच मांडलेली. 1960 च्या सुमारास दुकानात सिगारेट ठेवायच्या की नाही यावरून भावांचं बिनसलं आणि त्यांनी देश उत्तर-दक्षिण वाटून घेतला. 1962 पासून आल्डी हे नाव. आजही आल्डी नॉर्ड आणि आल्डी झ्यूड अशा दोन वेगळ्या कंपन्या आहेत, दोघांच्या पाट्या निराळ्या. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या आवडत्या ट्रेडर जोजची मालकीही 1979 पासून या घराच्या उत्तरेकडच्या शाखेकडे आहे.

मोजक्या मालाचा एक परिणाम गिऱ्हाइकाला पैसे देताना जाणवतो. कॅशियरचा वेग भयंकर असतो. पाकिटांवर बारकोड लांबलचक आणि अनेक बाजूंना छापलेले, त्यामुळे वस्तू फिरवावी लागत नाही, आणि पलीकडे सामान साठायला जागा जवळपास नसतेच. तिथे उभं राहून पिशवी भरायची नाही. सगळं थेट ढकलगाडीत लोटायचं आणि भिंतीकडेच्या फळीवर जाऊन सावकाश भरायचं. फळीवरच्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. डोळा त्या बारीक आकड्यावर ठेवावा.

बाटलीबंद पाणी किंवा कोक घेतलं की पावतीवर 25 सेंट वेगळे लागतात. ती अनामत. 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांना ती सक्तीची आहे. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. पुन्हा भरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीला फक्त 8 सेंट. पुण्यात रद्दीवाल्याशी घासाघीस केलेल्यांना यंत्राशी जमवून घ्यायला वेळ लागत नाही.

रविवारचं मात्र गंभीर आहे. रविवारी दुकानं बंद, आणि ही नुसती रूढी नाही, राज्यघटना आहे. 1919 च्या वायमार घटनेच्या 139 व्या कलमाने रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित केला. 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आत घेतलं. 1956 च्या दुकान-बंदीच्या कायद्याने तर आठवड्याच्या दिवसांतही संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी बहुतेक वेळा दुपारी दोनलाच कुलपं लावली होती, आणि काही किरकोळ सवलती सोडता 1996 पर्यंत तसंच चाललं. सत्तरच्या दशकात आलेले मराठी इंजिनिअर शनिवारी सकाळी का धावत असत ते यावरून कळेल. 2006 मध्ये वेळा ठरवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायचं ठरवलं, चर्च न्यायालयात गेलं, आणि 2009 मध्ये घटना न्यायालयाने बर्लिनला चूक ठरवलं. रविवारी मीठ संपलं तर स्टेशनवरचं दुकान, पेट्रोलपंप किंवा शेजारी. शेजाऱ्याशी ओळख व्हायला मीठ चांगलं निमित्त आहे.

आतापर्यंतचं सामान जर्मन होतं. पण कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, लहान वांगी, पाच किलो मसूर डाळ यांसाठी पाय वळतात ते तुर्की दुकानाकडे, आणि त्या दुकानामागे एक करार उभा आहे. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. 1973 च्या नोव्हेंबरात, तेलसंकटाच्या वेळी, भरती थांबली. ज्यांची कारखान्यातली कामं गेली किंवा ज्यांना ती नकोशी झाली, त्यांतल्या अनेकांनी भाजीची दुकानं टाकली. सुपरमार्केटात इवल्याशा प्लास्टिकच्या कुंडीत कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात. तुर्की दुकानात जुडी मिळते, कारण तुर्की स्वयंपाकालाही पालेभाजी जुडीनेच लागते. उन्हाळ्यात तिथे 'सेमिझओतू' नावाची मांसल पानांची भाजी येते, लोक ती दह्यात कालवून खातात. नीट पाहा: ती आपली घोळ आहे, तीच वनस्पती, फक्त पुष्ट. द्राक्षाचा आटवलेला रस 'पेकमेझ' काकवीच्या जवळ जातो. बुल्गुर दिसतो लापशीच्या रव्यासारखा, पण तो गहू आधी उकडून, वाळवून भरडलेला असतो. त्याचा उपमा उत्तम, खीर मात्र मिळून येत नाही.

कुठल्या गावात तुमचं नशीब कसं, हे तुमच्या आधी तिथे कोण आलं यावर ठरतं. पूर्व जर्मनीत तुर्की दुकानं विरळ. तिथे 1980 च्या करारानुसार व्हिएतनामी कामगार आले, 1989 मध्ये ते सुमारे 60 हजार होते. भिंत पडली, कारखाने बंद झाले, आणि त्यांनीही दुकानं टाकली. बर्लिनच्या लिश्टेनबेर्ग भागातला डाँग शुआन बाजार हे त्याचं भलंमोठं रूप. लायप्झिग-ड्रेस्डेनकडच्या मराठी घरांचे मोदक या आशियाई दुकानांवर चालतात: थायलंडचं तांदळाचं पीठ तांदूळ भिजवून दळलेलं असतं, अतिशय बारीक, आणि त्याची उकड देखणी होते. फक्त चिकट तांदळाचं पीठ त्याच कंपनीचं, तसल्याच पाकिटात, शेजारी ठेवलेलं असतं. ते चमचाभर मिसळलं तर पारी चिरत नाही. निव्वळ त्याचीच उकड काढली तर मोदक पातेल्याला मिठी मारून बसतो.

ऱ्हाइन-रूर पट्ट्यात राहणारे सगळ्यांत भाग्यवान. 1983 च्या जुलैतल्या हिंसाचारानंतर श्रीलंकेतले तमिळ मोठ्या संख्येने या भागात आले. हाम शहराच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं कामाक्षी अंबाळचं देऊळ 2002 पासून दिमाखात उभं आहे, आणि त्यांच्या दुकानांत शेवग्याच्या शेंगा, केळफूल, कच्चा फणस, ताजा कढीलिंब येतो. कढीलिंब महाग वाटेल. भारतातून येणाऱ्या कढीलिंबावर आणि भेंडीवर कीटकनाशकांच्या अंशासाठी युरोपीय संघाची वाढीव तपासणी असते, तिचा खर्च जुडीत उतरतो.

जर्मन आठवडी बाजाराकडे आपले लोक उगाच दुर्लक्ष करतात. नवलकोल तिथे पाल्यासकट मिळतो. फ्रँकफुर्टची प्रसिद्ध हिरवी चटणी सात पाल्यांची. त्यांतला एक आपल्या चुक्याच्या कुळातला आणि तितकाच आंबट. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून त्याची पातळ भाजी होते, आणि फ्रँकफुर्टकरांना ती सांगून पटत नाही.

सामान घरी आलं की पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो कुणी आधी सांगत नाही. म्युनिकमध्ये तुरीची डाळ शिजता शिजत नाही. डाळ जुनी म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो, पण म्युनिकचं पाणी चुनखडीच्या डोंगराळ भागातून येतं आणि जड असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडच्या बायकांना माहीत असतं, ते हेच. चहावर तवंग येतो, किटलीत पांढरे थर बसतात, कारण एकच. श्टुटगार्टच्या बऱ्याच भागाला बोडेनझे सरोवराचं पाणी मिळतं, ते मध्यम. तिथे तीच डाळ निमूट शिजते. जड पाण्याच्या गावात डाळ चिमूटभर सोडा घालून भिजवावी, आणि चिंच-कोकम शेवटी.

त्यात कुकर शिट्टी देत नाही. जर्मन कुकरमध्ये स्प्रिंगची झडप असते. दाब वाढला की दांड्याजवळची खूण वर येते, वाफ आतच राहते. तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या हे आपलं सगळं घड्याळ तिथे बंद पडतं आणि मिनिटं मोजावी लागतात, खूण वर आल्यापासून. भिजवलेल्या तुरीला दहा मिनिटं धरून चालावं, म्युनिकला जास्त. चूल काचेची, 1971 मध्ये शॉट कंपनीने बाजारात आणलेल्या जातीची, त्यामुळे फुलक्याला जाळ नाही. जाळी ठेवून थोडंफार भागतं. इंडक्शन असेल तर घरून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची कढई शोभेलाच.

उपासाच्या मंडळींना एक सावधगिरीची सूचना. जर्मन दुकानात 'झागो' नावाचे पांढरे मोती मिळतात. दिसतो साबुदाणा, पण अनेकदा तो बटाट्याच्या स्टार्चचा असतो. आपला साबुदाणा टॅपिओकाचा. झागो भिजवला की त्याचा लगदा होतो आणि खिचडीची खळ. बटाटा उपासाला चालतो, तेव्हा धर्म बुडत नाही, बुडते ती खिचडी. साबुदाणा भारतीय किंवा आशियाई दुकानातूनच आणावा.

राहता राहिली घरून येणारी बॅग. सामानातून युरोपीय संघाबाहेरचं मांस आणि दुग्धपदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे आईने कढवलेलं तूप, चितळ्यांचे पेढे, खवा, चक्का सगळं त्यात आलं. 14 डिसेंबर 2019 पासून ताजी फळं, भाज्या आणि पालाही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हापूसची पेटी त्यात नाही. या कडकपणाला इतिहास आहे. 2013 मध्ये भारतातून आलेल्या 207 खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या, आणि 1 मे 2014 पासून संघाने पाच गोष्टींची आयात थांबवली: आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळू. हापूसवरून महाराष्ट्रात गदारोळ झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अळूसाठी कुणी अवाक्षर काढलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आंब्याचा डबाबंद रस तरी मिळतो. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली आणि आता मे महिन्यात पेट्या विमानाने येतात, त्यांच्या किमतीकडे न पाहिलेलं बरं.

बॅगेत भरायच्या वस्तू म्हणजे गोडा मसाला, कोकम, पापड, भाजणी, लोणचं. लोणच्याचं तेल कपड्यांना लागणार हे गृहीत धरून. कोकणातल्या लोकांवर मात्र नियमांची खास मर्जी आहे. मांसाला आणि तुपाला बंदी असली तरी प्रक्रिया केलेली मासळी माणशी 20 किलोपर्यंत आणता येते, त्यामुळे सुके बोंबील आणि सुका जवळा कायद्याने बसतात. ते भाजण्यावरही बंदी नाही, पण इमारतीत एकाच जिन्यावर आठ घरं असतात आणि भाडेकरारात शेजाऱ्यांना त्रास न देण्याचं कलम असतं. तेव्हा भाजायचे ते उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या टाकून, आणि शक्यतो शेजारी सुट्टीवर गेलेले असताना.